भोंगेकाकांचा हशा

सत्तावीस वर्षं एकाच नाटकात काम करूनही ते नाटक एकदासुद्धा न पाहिलेला माणूस कुणाला बघायचा असेल, तर त्याने दुपारी सव्वादोनला थिएटरच्या मागच्या दाराशी उभं राहावं. हातात लांबट काळी पेटी, गळ्यात बायकोने विणलेला मफलर आणि चेहऱ्यावर 'आता सगळं माझ्यावरच आहे' असा भाव घेऊन जो गृहस्थ आत शिरेल, तेच भोंगेकाका. त्यांचं खरं नाव फक्त बायकोला ठाऊक आहे, आणि तीही 'अहो' म्हणते.

काका ट्रॉम्बोन वाजवतात. हे पितळेचं असं वाद्य आहे, की वाजवताना त्याची अर्धी नळी सारखी पुढे-मागे सरकत असते, आणि ती सरकते तेव्हा समोर कुणी बसलेलं नसावं. पहिल्या महिन्यात समोर व्हायोलिनवाला बसत होता. त्याच्या टाळूवर तिसरं टेंगूळ आलं तेव्हा काकांची खुर्ची मागे सरकवली गेली. मग आणखी मागे. रंगमंचासमोरच्या ज्या खोलगट जागेत वादक बसतात, तिला थिएटरची माणसं सरळ 'खड्डा' म्हणतात. काका सरकत सरकत त्या खड्ड्याच्याही पोटात, रंगमंचाच्या फळ्यांखाली जाऊन पोचले. तिथून नट दिसत नाहीत की प्रेक्षक दिसत नाहीत. दिसते ती फक्त छडीवाली, म्हणजे हातातल्या छडीने सगळ्या वादकांना खुणा करणारी बाई. सत्तावीस वर्षांत छडी धरणारी ही तिसरी. आधीचे दोघे म्हातारे होऊन घरी गेले. नाटक म्हातारं व्हायला तयार नाही.

नाटकाचं नाव 'मनोऱ्यावरचं घड्याळ'. एका गावाचं मोठं घड्याळ बंद पडतं. घड्याळजीची मुलगी ते दुरुस्त करायला निघते, आणि गावचा महापौर ते चालू होऊ नये म्हणून जिवाचं रान करतो, कारण घड्याळ बंद आहे तोवर त्याची मुदत संपत नाही. मध्ये एक पोस्टमन आहे, तो प्रेमात पडतो. दर दहा मिनिटांनी कुणीतरी गातं. पहिल्या प्रयोगाला त्रेचाळीस माणसं होती आणि त्यातली अकरा नटांच्या घरची. एका समीक्षकाने लिहिलं, 'हे घड्याळ तीन आठवड्यांत बंद पडेल.' तो समीक्षक हल्ली नातवंडांना घेऊन येतो आणि पहिल्या रांगेत बसून गाणी गातो, तीही बेसूर.

नाटक तरलं ते बसवाल्यांच्या संपामुळे. थिएटर बसथांब्यासमोर. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी एकाएकी बसगाड्या थांबल्या आणि शेदोनशे माणसं रस्त्यावर अडकली. आत खुर्च्या आहेत आणि पंखे आहेत एवढ्याच आशेने ती तिकीट काढून आत आली. बरीचशी तर झोपायच्या बेताने आली होती. बाहेर पडली ती घड्याळजीच्या मुलीचं गाणं गुणगुणत, आणि बस नसल्यामुळे पायी घरी गेली. एका संध्याकाळी ते गाणं शहराच्या चारही टोकांना पायी पोचलं! संप चार दिवसांत मिटला, पण रांग काही मिटली नाही.

आताची नायिका अकरावी. पहिली नायिका त्याच नाटकात नायिकेच्या आजीचं काम करते आणि विंगेत उभी राहून नव्या पोरीच्या प्रत्येक सुराला नाक मुरडते. आईच्या मांडीवर बसून नाटक पाहिलेली मुलं आता आपली मुलं मांडीवर घेऊन येतात आणि दर विनोदाच्या आधी त्यांना कोपराने ढोसतात, 'आता बघ हं, आता बघ!' नवी गोष्ट ऐकायला माणूस एकदा जातो. पाठ झालेली गोष्ट ऐकायला जन्मभर जातो.

आणि या सगळ्या वैभवाच्या मुळाशी कोण आहे? काकांना विचाराल तर काका आहेत.

त्याचं असं आहे. दुसऱ्या अंकात महापौर आपल्यासाठी मुद्दाम करवून घेतलेल्या उंच मखमली खुर्चीवर बसायला निघतो. भाषण संपतं. सगळे वादक हात आवरून बसतात. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होते. छडी हलते, आणि त्या शांततेत भोंगेकाका, एकटे भोंगेकाका, वरून खाली घसरत येणारा एक लांबलचक सूर काढतात. 'बॉऽऽऽऊऽऽ.' आणि थिएटरचं छप्पर उडेल असा हशा! रोज. सत्तावीस वर्षं. काकांना ना महापौर दिसतो, ना खुर्ची. काकांना एवढंच कळतं, की आपण फुंकलं आणि सहाशे माणसं हसली. यात शंकेला जागा कुठे आहे?

त्यामुळे घरात हा हशा एखाद्या जमिनीच्या तुकड्यासारखा काकांच्या मालकीचा होता. मुलगी लहान असताना झोपताना राजाराणीची गोष्ट मागायची. तिला हशाची गोष्ट मिळायची. सासरचे पाहुणे आले की काका चहाच्या दुसऱ्या घोटाला विषय हशावर आणत. काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी नाटक तेवीस वेळा पाहिलं होतं, आणि काकांचं हशापुराण सुरू झालं की त्या गालातल्या गालात हसून वह्या तपासायला घेत. काकांना वाटे, ही कौतुकाने हसते.

मालकीला आव्हान देणारा जगात एकच माणूस होता, तो म्हणजे महापौर. महापौराचं काम करणारा नटही पहिल्या दिवसापासून तोच होता. दोघांची गाठ प्रयोग संपल्यावर चहाच्या टपरीवर पडे, आणि टपरीवाल्याला दोघांची वाक्यं तोंडपाठ होती.

"काय भोंगेबुवा, ऐकलात का आज माझा हशा?"

"तुमचा? तुमचा कुठला? मला तर माझाच ऐकू आला."

"अहो, तुम्ही भुयारातले. वर काय चाललंय ते तुम्हाला काय कळणार!"

"भुयारात असलो म्हणून काय झालं? विहिरीतलं पाणीच लोक पितात. काठावरचा बेडूक पीत नाहीत."

असं सगळं सुखात चाललेलं असताना काकांचा दात दुखायला लागला. साधासुधा नाही, नेमका पुढचा. काकांची मुलगी दातांची डॉक्टर झाली होती. वडिलांचं तोंड उघडून तिने आत पाहिलं आणि हातातली बॅटरी विझवली.

"बाबा, काढावा लागणार."

"ठेवता येणार नाही?"

"खिशात ठेवा. तोंडात नाही. आणि चार दिवस काही फुंकायचं नाही. मेणबत्तीसुद्धा नाही."

दात निघाल्यावर काका सुजलेला गाल मफलरात गुंडाळून छडीवालीकडे रजा मागायला गेले. ती तरुण होती, हुशार होती आणि मनाने फार चांगली होती, त्यामुळे तिच्यापासून धोका जास्त.

"काका, अजिबात काळजी करू नका. चार दिवस तुमचा सूर कीबोर्डवर घेऊ. ट्रॉम्बोन आहे त्यात."

"कशात?"

"कीबोर्डमध्ये."

"माझा ट्रॉम्बोन माझ्या हातात मावत नाही, बाई. त्या फळीत कसा मावला?"

"एका बटणात आहे." तिने मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि खरं सांगू का, काका? चार दिवस नीट गेले, तर पुढेही तसंच करू. तुम्ही किती वर्षं त्या अंधारात बसणार? घरी बसा, आराम करा."

काका घरी आले ते दात, गाल, हिरडी सगळं विसरून. हशा जर बटणावर आला, तर आपण सत्तावीस वर्षं काय केलं? नोकरी गेली तर जाऊ दे. पण हशा गेला, तर सासरच्या लोकांना तोंड काय दाखवायचं?

काकूंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटं आणली. सहावी रांग, मधली जागा.

"मी नाही येणार," काका म्हणाले.

"का?"

"नाटक बघायचं म्हणजे... मी त्यातला आहे ना गं."

"म्हणून तर. तेवीस वेळा मी तुम्हाला ऐकायला गेले. एकदा तुम्ही या माझ्याबरोबर."

काका आयुष्यात पहिल्यांदा थिएटरच्या पुढच्या दाराने आत गेले. दारवानाने तिकीट मागितलं तेव्हा त्यांचा अपमान झाला. खुर्चीत बसल्यावर ते बराच वेळ पायांखाली काय आहे ते वाकून बघत होते. मग पडदा वर गेला आणि त्यांना धक्क्यांवर धक्के बसू लागले. घड्याळजीची मुलगी त्यांनी उंच आणि किडकिडीत ठरवली होती. ती चांगली गोलमटोल निघाली. पोस्टमनला दाढी होती. दुसरं गाणं संपलं आणि काका खुर्चीच्या कडेवर आले.

"घोडा कुठाय?" ते कुजबुजले.

"कुठला घोडा?"

"पोस्टमनचा. आता येतो तो. रोज येतो. मी टापा ऐकतो ना!"

"अहो, विंगेत लाकडी वाट्या आपटतात."

"सत्तावीस वर्षं?"

"शूऽऽ!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

घोडा गेल्याचं दुःख काकांना मध्यंतरापर्यंत पुरलं. मुलीला तर त्यांनी तो पांढरा असल्याचंही सांगितलं होतं. पण पहिल्या अंकाच्या शेवटी मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बसून ती गोलमटोल पोरगी गायला लागली, तेव्हा आजूबाजूच्या सहाशे माणसांचे ओठ तिच्याबरोबर हलताना काकांनी पाहिले. आवाज न करता, नुसते ओठ. या गाण्याखाली काका रोज तीन जाड सूर वाजवत आणि चौथ्याची वाट बघताना घड्याळाकडे बघत. आज त्यांनी मफलराने डोळे पुसले आणि काकूंना सांगितलं, की हिरडी ठणकतेय.

दुसरा अंक सुरू झाला तसा काकांचा जीव टांगणीला लागला. खुर्ची आली. लाल मखमलीची, आणि काकांच्या रोजच्या जागेमागे जी लाकडी भिंत होती, बरोबर तिच्या पलीकडच्या बाजूवर ती मांडलेली होती. महापौराचं भाषण संपलं. त्याने कोटाच्या दोन्ही शेपट्या हातांत धरल्या, खुर्चीकडे पाठ केली, हनुवटी वर उचलली. शांतता. काकांनी काकूंचा हात इतका घट्ट दाबला, की त्यांची अंगठी रुतली.

छडी हलली आणि कीबोर्डमधून सूर आला. 'बॉऽऽऊ.' स्वच्छ, गोल, एकही सुरकुती नसलेला.

महापौर उभाच!

कुणीतरी खोकलं. कोटाच्या शेपट्या धरून महापौर नुसता उभा होता, आणि प्रेक्षकांकडे नव्हे तर पायांखालच्या फळ्यांकडे बघत होता. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी सापडू नये, तसा त्याचा चेहरा झाला होता. छडीवालीने पुन्हा खूण केली. पुन्हा तोच गुळगुळीत सूर. महापौर गुडघ्यांत अर्धा वाकला आणि तिथेच अडकला. सहाशे माणसं हसायला तोंड उघडून बसली होती. कितीतरी आईबाप मुलांना 'आता बघ' म्हणून ढोसून बसले होते. आणि बघायला काहीच नव्हतं.

काकांना ते सहन होईना. घर जळताना बादलीकडे हात जावा तसे त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, डावं कोपर शेजारच्या बाईंच्या पर्सला लागलं आणि त्यांची छाती भरली. एक नाकपुडी सुजेने बंद. त्यामुळे तो श्वास, पाणी गेलेल्या नळासारखा आवाज करत, त्या शांततेत थिएटरभर गेला.

'सूंऽऽऽप!'

महापौराचा चेहरा उजळला. तो बसला. आणि खुर्ची हळूहळू, अदबीने, त्याच्यासकट खाली जायला लागली. आधी पोट गेलं, मग मिश्या गेल्या, शेवटी नुसती उंच टोपी राहिली, आणि ती टोपीही शेवटपर्यंत ऐटीतच होती.

छप्पर उडालं! काका स्वतः इतके हसले, की टाक्यांची आठवण येऊन रडले. हसता हसता एकदम थांबले आणि काकूंकडे वळले.

"अगं, पण मी काही वाजवलंच नाही."

"हो. कळलं मला," काकू म्हणाल्या.

प्रयोग संपल्यावर काकांनी मागचं दार गाठलं. महापौर अर्धा रंग पुसलेल्या तोंडाने तिथे येरझाऱ्या घालत होता.

"कुठे उलथला होतास रे?" सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो काकांना अरे-तुरे करत होता.

"सहाव्या रांगेत होतो. पण तू बसला का नाहीस?"

"कसा बसणार? खुर्ची माझ्या पाठीमागे. हनुवटी वर, म्हणून छडी मला दिसत नाही. खुर्चीसमोरच्या फळीत फट आहे आणि फटीखाली तू. सूर काढायच्या आधी तू जो काय म्हशीसारखा श्वास घेतोस, तो ऐकला की मी गुडघे सोडतो. मी टेकतो न टेकतो तोच तुझा भोंगा. तू फळ्यांखाली आलास तेव्हापासून असंच चाललंय."

"आणि हे तू मला सत्तावीस वर्षांत सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू अर्धा हशा मागितला असतास!"

छडीवाली मागे येऊन सगळं ऐकत उभी होती. ती मुलगी खरंच प्रामाणिक. आत जाऊन तिने कीबोर्डची चारशे बारा बटणं एकेक करून तपासली. समुद्र होता, बेडूक होते, हेलिकॉप्टर होतं, टाळ्यासुद्धा होत्या. फुंकायच्या बेतात असलेल्या माणसाचा श्वास मात्र नव्हता. ती बाहेर आली आणि म्हणाली, "काका, हिरडी भरली की या."

घरी जाताना काकू म्हणाल्या, "म्हणजे हिशेब असा झाला. तुम्ही जे वाजवलंत त्याला लोक हसले नाहीत. वाजवायच्या आधी जे केलंत, त्याला हसले."

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"श्वासाचं नव्हतं. खुर्चीचं होतं. ती खाली जाते ना हो, कुणीही हसेल."

"मग तेवीस वेळा बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगायचात," काकू म्हणाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर सगळे सुखी झाले असते. पण आपला श्वास ही एवढी मौल्यवान चीज आहे, हे कळल्यावर माणूस तो साधा कसा घेईल? काका आरशासमोर उभे राहून श्वासाचा सराव करू लागले. मुलगी तपासायला आली तेव्हा तिने बाकीचं सोडून आधी विचारलं, "बाबा, दमा नाही ना?" पाचव्या दिवशी काका खड्ड्यात परतले आणि त्यांनी असा भरघोस, तीन मजली श्वास घेतला, की पहिल्या मजल्याला महापौर बसला, दुसऱ्याला गोंधळून उठला आणि तिसऱ्याला पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी धसका घेऊन काका श्वास कोंडूनच बसले. भाषण चालू असताना त्यांना गुदमरलं, नाइलाजाने हवा आत गेली, आणि महापौर 'बंधू आणि भगिनींनो'मधल्या 'भगिनींनो'च्या आधीच खुर्चीसकट खाली गेला. भगिनी राहिल्या त्या राहिल्याच. छडीवालीने फक्त कीबोर्डवरचं कापड काढून ठेवलं.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. "बटणच बरं," एवढंच म्हणाले.

काकूंनी वहीतलं पान फाडलं. "मला सांगा, पूर्वी त्या वेळी तुमच्या मनात काय असायचं?"

"कधी?"

"छडी हलायच्या आधी. शांतता असते तेव्हा."

काका ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? जाताना बाजारातून काय न्यायचं, ते."

काकूंनी पानावर भराभर काहीतरी लिहिलं आणि कागद त्यांच्या खिशात कोंबला. "मग तेच म्हणायचं. श्वासाचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंकात वादकांनी हात आवरले. डोक्यावर महापौराचे बूट करकरले, बंधू झाले, भगिनीही झाल्या. फटीतून थोडी धूळ काकांच्या टकलावर पडली. मीठ, काका मनात म्हणाले. अंगाचा साबण. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. दोन बल्ब, पिवळे नकोत... आणि छडी हलली, नळी सरकली, 'बॉऽऽऽऊऽऽ', आणि वर सहाशे माणसांचं छप्पर उडालं. काकांना श्वास घेतल्याचं आठवतच नव्हतं. पडदा पडताच महापौर टपरीवर धावला.

"काय भोंगेबुवा, ऐकलात का आज माझा हशा?"

"अर्धा," काका म्हणाले. "उरलेला अर्धा माझा आहे."

घरी पिशवीतून मीठ निघालं, साबण निघाला, रीळ निघालं. बल्ब नव्हते.

"बल्ब?"

"अगं, बल्बावरच हशा आला. तेवढे डोक्यातूनच गेले."

पुढच्या दिवशी चौथ्या जागी कांदे होते, कांदे राहिले. त्याच्या पुढच्या दिवशी कात्री राहिली. काकूंनी आठवडाभर टिपण ठेवलं आणि गणिताच्या बाईला शोभेल असा निष्कर्ष काढला. हशा नेमका चौथ्या वस्तूवर येतो, आणि चौथी वस्तू घरी येत नाही.

तेव्हापासून त्या घरात काही कमी पडलेलं नाही. काकांच्या खिशातली यादी कधी पाहिलीत तर दिसेल, की तीन वस्तू लागणाऱ्या असतात, पाचवीपासून पुढच्याही लागणाऱ्या असतात, आणि चौथ्या जागी काकूंच्या वळणदार अक्षरात रोज न चुकता लिहिलेलं असतं : पांढरा घोडा, एक.